गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा

छातीत कळ आली की पहिली शंका हार्ट अ‍ॅटॅकची येते आणि तातडीनं रुग्णालय गाठायलाच हवं. पण दर वेळी दुखणं रक्तवाहिनीचंच असतं असं नाही. हृदयाभोवती दोन पदरांची पातळ पिशवी असते, तिला हृदयावरण म्हणतात. तिला सूज आली की आडवं पडल्यावर आणि खोल श्वास घेताना कळ वाढते; पुढे वाकून बसलं की उतार पडतो. यामागे बहुतेकदा विषाणू असतो. काही वेळा मात्र कारण असतं रुग्ण नियमित घेत असलेलं औषध.

रक्तदाबावरचं हायड्रॅलाझिन आणि ठोक्यांच्या अनियमिततेवरचं प्रोकेनामाइड ही याची जुनी उदाहरणं. त्यांच्यामुळे काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, सांधे दुखतात, ताप येतो, हृदयावरण सुजतं. कर्करोगावरच्या डॉक्सोरुबिसिननं आणि आतड्याच्या सुजेवरच्या मेसालामाइननंही असं घडू शकतं.

भारतात सर्वांत अवघड पेच आयसोनियाझिडचा. 1952 पासून वापरात असलेल्या या औषधानं असंख्य क्षयरुग्णांचा जीव वाचवला. क्वचित कुणाला त्यानंच हृदयावरणदाह होतो. इथे क्षयरोग स्वतःही हृदयावरणात पाणी साठवतो. त्यामुळे इकोमध्ये पाणी दिसलं की आजार बळावला, असा समज सहज होऊ शकतो. औषधाचा दोष असेल, तर ते थांबवल्यावर त्रास सहसा ओसरतो. पण तो निर्णय डॉक्टरांचाच. रुग्णानं परस्पर गोळ्या सोडल्या तर क्षयरोग औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

मिनॉक्सिडिलच्या गोळ्यांबाबत तर जास्तच सावध राहायला हवं. मुळात तीव्र रक्तदाबासाठीचं हे औषध आता कमी मात्रेत केस वाढवण्यासाठी दिलं जातं. हृदयावरणात पाणी साठण्याचा धोका अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापलेला असतो. अशी गोळी चिठ्ठीशिवाय काउंटरवर मिळता कामा नये.

म्हणूनच छातीत दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ‘कोणकोणती औषधं चालू आहेत?’ हे विचारलंच पाहिजे. उत्तरात केसांच्या गोळ्या, काढे, भस्मंही यायला हवीत. भारतात 2010 पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याच्या 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. हा क्रमांक प्रत्येक औषध दुकानात, प्रत्येक क्षयरोग केंद्राच्या भिंतीवर मराठीत ठळक लिहिलेला असावा आणि नोंद करण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी टाळू नये.