बॉण्ड पाठ करायचे की बघायचे?

‘आयनिक आणि कोव्हॅलंट बॉण्डमधला फरक लिहा’ हा फर्स्ट इयरचा ठरलेला प्रश्न. डावीकडे मीठ, उजवीकडे मिथेन, मध्ये एक उभी रेघ. मार्क पडले, विषय संपला! मग मेकॅनिकलवाले विचारणारच, “आम्हाला केमिस्ट्री कशाला?”

उत्तर शिवाजी पेठेतल्या एखाद्या जुन्या घरात चुलीवर सापडेल. बिडाचा तवा! बीड म्हणजे आपलं कास्ट आयर्न. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या यावरच तर उभ्या आहेत.

या एका तव्यात किती बॉण्ड आहेत बघा. लोखंडाचे अणू बाहेरचे इलेक्ट्रॉन सार्वजनिक करून टाकतात. हा मेटॅलिक बॉण्ड. त्यातला साधारण ३ टक्के कार्बन बहुतांशी ग्रॅफाइट होऊन बसतो. ग्रॅफाइटच्या थरात प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांशी इलेक्ट्रॉन वाटून घेतो, हा कोव्हॅलंट. दोन थरांमध्ये मात्र नुसतं व्हॅन डर वाल्सचं हलकं आकर्षण, म्हणून थर पत्त्यांसारखे सरकतात. या कमकुवत पापुद्र्यांमुळेच तवा पडला की वाकत नाही, फुटतो.

आता साच्यातली वाळू घ्या. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीतला फरक पॉलिंगच्या स्केलवर सुमारे १.५ आहे. म्हणजे बॉण्ड जवळपास निम्मा आयनिक, निम्मा कोव्हॅलंट. सांगा, रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायचा?

यात पैशाचाही प्रश्न आहे. तेच बीड फार लवकर थंड झालं तर कार्बन ग्रॅफाइट न होता लोखंडाशीच बांधला जातो, सिमेंटाइट तयार होतं. कास्टिंग इतकं कडक की ड्रिल चालत नाही, माल रिजेक्ट! उलट ओतण्यापूर्वी रसात थोडं मॅग्नेशियम गेलं तर ग्रॅफाइटचे पापुद्रे न होता गोळे होतात आणि तेच लोखंड न फुटता ताण सोसतं. अणू जवळपास तेच, बांधणी वेगळी.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती, फर्स्ट इयरची एक व्हिजिट फौंड्रीत काढा. केमिस्ट्री आणि मेटलर्जी शिकवणारे दोघंही बरोबर हवेत. आणि पेपरात एकदा तरी विचारा: “बिडाचा तवा का फुटतो?”

पाठांतरवाल्यांची पंचाईत होईल खरी, पण केमिस्ट्री कशाला हे पुन्हा कुणी विचारणार नाही. बघा पटतंय का!