मागे राहिलेल्या मुलांची पुस्तके

दसरा-दिवाळी उलटली, की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनाही फडात राबावे लागते, आणि ज्यांची शाळा बुडू नये अशी आईबापांची इच्छा असते, ती मुले आजीच्या हवाली होऊन पाच-सहा महिने गावीच राहतात. अशा मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची तरतूद केली, हे उचितच झाले. परंतु जेवणाची आणि हजेरीची तजवीज झाली म्हणजे मुलाच्या मनातील प्रश्नही मिटला, असे समजणे ही मोठी गफलत होय.

आई मला ठेवून का गेली, हा तो प्रश्न. ‘उद्या येईल’, ‘बाजाराला गेलीय’ अशी उत्तरे मायेपोटीच दिली जातात; पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला खरे कारण कोणी सांगितले नाही, तर ते मूल कारण स्वतःमध्येच शोधू लागते, आणि आपण हट्ट केला म्हणूनच आई गेली, या समजुतीचा भार मुकाट्याने वाहत राहते.

येथे चित्रपुस्तकाचे प्रयोजन आहे. ज्या आजीला अक्षरओळख नाही आणि ज्या नातवाला ती नुकतीच होत आहे, त्या दोघांना सारख्याच अधिकाराने वाचता येईल असे पुस्तक चित्रांचेच असू शकते. फडाच्या कडेची कोपी, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई, एवढे एक पान समोर असले, की मूल त्यावर बोट ठेवून विचारते, “आय बी अशीच चढती का?” आणि जिचे अर्धे आयुष्य त्याच कामात गेले ती आजी सांगू लागते, “व्हय रं, म्या बी लई मोळ्या वाहिल्यात.” जे थेट विचारण्याचे आणि सांगण्याचे धैर्य दोघांनाही नव्हते, ते चित्राच्या आडोशाने बोलले जाते.

माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ने घरातील साधी माणसे हाही बालवाङ्मयाचा विषय होऊ शकतो, हे मराठीत सिद्ध केले आहे. ज्या घरातील माणसे निम्मे वर्ष परगावी असतात, त्या घराचेही तसेच सत्यनिष्ठ पुस्तक हवे. त्यात कष्टाच्या महतीचे प्रवचन नको, परतीच्या तारखेचे खोटे आश्वासनही नको; कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की आईबाबा येतील, हेच स्पष्ट सांगावे, आणि रुसलेल्या मुलाला रुसण्याची मुभा द्यावी.

उचलीचा फास सैल झाल्याखेरीज ही ताटातूट संपणार नाही, आणि मजुरी, शिक्षण व निवारा यांचा आग्रह पुस्तकापायी तिळभरही ढळता कामा नये. तथापि व्यवस्था सुधारेपर्यंत बालपण थांबून राहत नाही. म्हणून जिल्हा परिषदेने वसतिगृहाच्या मंजूर खर्चात धान्याबरोबर चित्रपुस्तकांचीही बाब घालावी, हंगाम सुरू होण्यापूर्वी ती शाळेत पोहोचवावीत, आणि आठवड्यातून एक तास आज्यांना वर्गात सन्मानाने बोलवावे. आपल्या आईच्या अनुपस्थितीचे खरे कारण जाणून घेणे हा मुलाचा हक्क आहे, आणि तो जपण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांची आहे.