ॲप काढलं, तरी पैसे का कटतात?

‘७ दिवस फुकट, आता फक्त १ रुपया’ असं दिसलं की आपण यूपीआय पिन टाकून मोकळे होतो. पण तो पिन एका रुपयापुरता नसतो. त्याच पिनने पुढचे पैसे आपोआप कापायची परवानगी, म्हणजे ऑटोपे, सुरू होते. मोबाईलमधून ॲप काढलं तरी ही परवानगी कायम राहते. खरी मेख इथंच आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. पण १५ हजार रुपयांपर्यंत दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही. मेसेज वाचला नाही, की पैसे गेलेच.

सबस्क्रिप्शन रद्द करायची वाट अवघड करून ठेवणं केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्येच गैर ठरवलंय. तरी सावध आपणच राहायचं. मुदत संपण्याआधी प्ले स्टोअरमधलं सबस्क्रिप्शन रद्द करा, यूपीआय ॲपमधलं ऑटोपेही बंद करा. पैसे प्ले स्टोअरमधून गेले असतील तर ४८ तासांत तिथंच परत मागा. मिळतीलच असं नाही, पण उशीर झाला तर ॲपवाल्या कंपनीच्याच मागं लागावं लागतं. तिथंही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.