साठ दात, बहात्तर दात

वाचकहो, वयाची सत्तरी उलटलेल्या गृहस्थाने दिवाळी अंकात व्हिडिओ गेमवर लिहू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे स्पष्ट मत आहे. माझेही परवापरवापर्यंत तेच होते. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या धरमपेठेतल्या घरी जे घडले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तेव्हा पितळी भांड्यांवरचा लेख पुढच्या वर्षी.

आधी थोडी मागची हकीकत. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि दोन-तीन वर्षांत आमच्या चिरंजिवांच्या वर्गात एकालाही व्हिडिओ गेमशिवाय जेवण जाईना. निंटेंडो या जपानी कंपनीचे यंत्र तेव्हा आपल्याकडे ‘सामुराई’ या नावाने मिळे. पण त्याची किंमत ऐकून मी दुकानाच्या पायरीवरूनच परतलो आणि बर्डीवरून एक नक्कल घेऊन आलो. ही नक्कल १९८३ साली जपानात निघालेल्या ‘फॅमिकॉम’ची. सोबत एक पिवळी कॅसेट होती. (कार्ट्रिज हा शब्द आम्हांस ठाऊक नव्हता, गाणी वाजवते तीही कॅसेट आणि खेळ खेळवते तीही कॅसेट.) तिच्यावर ‘९९९९ खेळ’ असे छापले होते. मुलाने चिकाटीने मोजले. खेळ निघाले सात. पुढे तेच पुन्हा पुन्हा. व्यापाऱ्यांच्या हिशेबाचा एवढा निर्मळ नमुना मी बँकेतल्या नोकरीतही पाहिला नव्हता.

१९९४ साली माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला. हा इथल्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन १९८१ साली तिकडे गेलेला. पुतण्यासाठी त्याने चार करड्या कॅसेटी आणल्या होत्या. पोराने बूट काढायलाही काकाला सवड दिली नाही. पण कॅसेट यंत्रात जाईना. आमच्या पिवळीच्या दुप्पट उंच आणि रुंदीलाही जास्त! शेवटी धाकट्याने बूड उघडे करून तांब्याचे दात मोजले. आमच्या यंत्राला साठ दात चालत. अमेरिकन कॅसेटला होते बहात्तर. पोरगा रडला, धाकटा ओशाळला आणि चारही कॅसेटी शोकेसमध्ये ताजमहालाच्या शेजारी जाऊन बसल्या.

हे बारा दात जास्तीचे का, हे मला यंदा कळले. जपानी कॅसेटमध्ये आवाजासाठी दोन दात होते, ते अमेरिकेसाठी काढले. मग पुढेमागे काही जोडता यावे म्हणून दहा घातले आणि चार घातले राखणदारासाठी. १९८५ साली हे यंत्र अमेरिकेत नेताना कंपनीने यंत्रात एक चिप आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदारीण बसवली. दोघींचे बोलणे जुळले तर खेळ सुरू; न जुळले तर यंत्र दर सेकंदाला स्वतःच बंद-चालू होत राहते. युरोपातल्या चिपची बोली आणखी वेगळी. म्हणजे खेळ तोच, पण व्हिसा निराळा. गंमत अशी की जपानी यंत्राला राखणदारच नाही. मध्ये बहात्तराचे साठ करणारा एक तुकडा लावला की अमेरिकन कॅसेट त्यात बिनबोभाट चालते. उलट दिशेने जायचे तर तुकड्यात राखणदार चिपही हवी. कंपनीने स्वतःच घाईघाईत ‘जायरोमाइट’ नावाच्या काही अमेरिकन कॅसेटींत जपानी पाटी आणि असा तुकडा भरून दिला होता. शौकीन लोक पुढे त्या जुन्या कॅसेटी केवळ पोटातल्या तुकड्यासाठी विकत घेऊ लागले. १९९४ साली मी नागपुरात ज्या दुकानांत विचारले, तिथे असला तुकडा कोणी पाहिलेला नव्हता.

असो. या मे महिन्यात धाकट्याचा मुलगा नागपूरला आला. बापाने न्यू जर्सीतले घर विकायला काढले आहे. त्या आवराआवरीतले अमेरिकन यंत्र आणि एक सोनेरी कॅसेट त्याने माझ्या हाती ठेवली. “बाबा म्हणाले, ही काकांकडेच द्यायची,” एवढेच म्हणाला आणि दोन दिवसांनी ताडोबाला गेला.

मी उत्साही माणूस. यंत्राचा अडॅप्टर घेतला, प्रवासात वापरतात ती बहुरूपी पिन लावली आणि भिंतीत खुपसला. त्याच्यावर १२० व्होल्ट लिहिले होते; आपल्या भिंतीत २३० असतात. तो आधी गुणगुणला, मग उग्र वास आला, मग नातवाने बटण बंद केले. यंत्र जोडलेले नव्हते, हे माझे नशीब.

बर्डीच्या एका बोळात जुने टीव्ही दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी यंत्र उलटेपालटे करून पाहिले. “काका, घाबरून काऊन राहिले? याले नऊ व्होल्ट पाहिजे, बस्. आत रेक्टिफायर हाये, एसी द्या की डीसी द्या, चालते. फक्त हा अमेरिकन अडॅप्टर त्या जपानी डब्याले लावजा नोका, तो जागच्या जागी जळंन.” आपला साधा नऊ व्होल्टचा अडॅप्टर त्यांनी जोडून दिला. माळ्यावरच्या जुन्या टीव्हीवर चित्र आले, पण काळे-पांढरे आणि रहाटासारखे फिरणारे. तो टीव्ही आपल्या ६२५ रेघांच्या पद्धतीचा. अमेरिकेत ५२५ रेघा आणि रंगांची रीतही निराळी. बैठकीतल्या नव्या टीव्हीला दोन्ही भाषा येतात, त्यावर मात्र रंग आले.

आणि तीस वर्षांनंतर शोकेसमधल्या त्या करड्या कॅसेटी धावल्या! पुण्याहून आलेले चिरंजीव, आता स्वतःच बाप, पुढे सरसावून बसले. मारिओ पळू लागला तसे म्हणाले, “यंत्र बिघडलंय. हा फार जोरात पळतोय.” बिघडले नव्हते. अमेरिकेत चित्र सेकंदाला साठदा बदलते, आपल्याकडे पन्नासदा. आणि हे खेळ आपले घड्याळ चित्रांवरच लावतात. तिकडे जे पाच मिनिटांत संपे, त्याला आमच्या धरमपेठेत सहा मिनिटे लागत. माझ्या मुलाचे अख्खे बालपण संथ लयीत गेले आणि आम्हांला पत्ताच नाही. नातू पहिल्याच खड्ड्यापुढे निघून गेला, बाप तीनदा पडला.

शेवटी सोनेरी कॅसेट लावली. खेळाचे नाव ‘द लेजंड ऑफ झेल्डा’. जपानात १९८६ साली हा तबकडीवर निघाला. १९८७ साली अमेरिकेत आला तो असा सोनेरी होऊन, पोटात एक बटणासारखी बॅटरी घेऊन. यंत्र बंद केले तरी तीन खेळाडूंची प्रगती ही बॅटरी लक्षात ठेवते. बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरायचे, एवढेच पथ्य.

पडद्यावर तीन नावे आली. पहिले धाकट्याचे, दुसरे पुतण्याचे, आणि तिसरे, इंग्रजी अक्षरांत, ‘आई’.

आई १९८९ च्या हिवाळ्यात पुतणीच्या जन्मासाठी अमेरिकेला गेली होती. सहा महिने. बाहेर बर्फ, बोलायला शेजारीण नाही. महालातल्या वाड्यात बदामसातमध्ये तिला हरवणारा कोणी नव्हता. पत्रात तिने एकदा लिहिले होते, “इथेही बदामांचाच एक खेळ आहे, पण फार मरावे लागते.” त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. या खेळातला जीव खरोखरच बदामांत मोजतात. नव्याला तीन मिळतात. आईपुढे होते पाच. नावाजवळ मरणांचा आकडाही असतो: ७४. प्रगती राखून ठेवायचा पडदा साधारणपणे मेल्यावरच समोर येतो, त्यामुळे यातली बरीचशी मरणे नुसती झोपायला जाण्यासाठी असणार.

आई २००४ साली गेली. धाकटा पोचला तो दहाव्याला. ‘याच्याजवळ आईचे आहे काय?’ असे मी तेव्हा कोणाला तरी म्हणालो होतो. आता कोणाला ते आठवत नाही; मला आठवते.

“आजोबा, मला खेळायचंय,” नातू म्हणाला, “पण जागा तीनच आहेत. कोणाला पुसू?”

मी फोन लावला. तिकडे सकाळ होती. बराच वेळ धाकटा काही बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, माझं पूस. मी सगळा खेळ केव्हाच संपवला होता. आईचा आकडा किती दिसतोय?”

“७४.”

“पंच्याहत्तरावं होऊ द्यायचं नाही म्हणाली होती. उद्या नागपूरला जायचंय, आज मरत नाही म्हणाली, आणि रिमोट खाली ठेवला.”

दोघेही जरा थांबलो. मग मी म्हणालो, “दहाव्याच्या वेळी मी तुला काही बोललो होतो का रे?”

“मला नव्हतास बोलला,” धाकटा म्हणाला. “पण कळलं होतं.”

नातवाने धाकट्याचे नाव पुसले आणि आपले घातले.

बर्डीच्या गृहस्थांनी कॅसेट उघडून मीटर लावला. बॅटरी अजून २.९ व्होल्ट दाखवते. नवी असताना तीन असते. “बदलतो म्हणाल तर बदलतो,” ते म्हणाले, “पण झाळतानी वीज तुटली का सारंच पुसलं जाईन.” दुसरी बॅटरी समांतर जोडून जुनी काढता येते, पण हात हलला की संपले. कॅसेटमधली ती नोंद आधी संगणकात उतरवून घेता येते, असे चिरंजिवांचे म्हणणे. त्यासाठीचे यंत्र घेऊन ते लक्ष्मीपूजनाला येतील. धाकटाही येणार आहे, दहा वर्षांनी. तोवर नातू रोज अर्धा तास खेळतो, आणि बंद करताना रीसेटचे बटण मी दाबून धरतो.