दहाच्या आत होस्टेलात

आपल्या होस्टेलच्या गेटपाशी उभं राहिलं की दोन पाट्या दिसतात. एक गेटवरच आहे, लॅमिनेट केलेली : ‘रात्री १० नंतर प्रवेश बंद’. दुसरी समोरच्या कोपऱ्यावर, मंडळाचा काळा फळा. त्यावर दर आठवड्याला खडूने नवं काहीतरी लिहिलेलं असतं. कधी व्याख्यान, कधी गाण्याची मैफल, कधी रक्तदान शिबिर, कधी मोफत नेत्रतपासणी. पहिली पाटी आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. दुसरी आपल्यापैकी किती जणांनी थांबून वाचलीय? हात वर करा बघू!

लाजायचं कारण नाही. मीसुद्धा पहिली दोन वर्षं तो फळा वाचला नव्हता. माझ्या लेखी डोंबिवली म्हणजे लोकलची गर्दी, एमआयडीसी आणि स्टेशनबाहेरचा वडापाव. आपण इथं शिकायला आलोय, राहायला नाही, असंच डोक्यात बसलेलं. चार वर्षं काढायची, डिग्री घ्यायची आणि कलटी मारायची. सबमिशन, व्हायवा, केटी, पुन्हा सबमिशन. गावाचा संबंध फक्त झेरॉक्सवाल्याशी.

माझा सेकंड इयरचा रूममेट परभणीचा होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. तो तबला वाजवायचा. म्हणजे गावी वाजवायचा, भजनी मंडळात, सातवीपासून. इथं तबला आणला नव्हता, कारण ‘होस्टेलला कुठं वाजवणार?’ मग तो टेबलावर बोटं चालवायचा, मेसच्या ताटावर चालवायचा. आणि आम्ही सगळे ओरडायचो, ‘ए बाबा, बंद कर ना तुझी टकटक, उद्या एम-थ्रीचा पेपर आहे!’

एका शनिवारी तो त्या फळ्यापाशी थांबला. जवळच्याच हॉलमध्ये शास्त्रीय गायनाची मैफल होती, प्रवेश विनामूल्य, वेळ रात्री साडेआठ. तो म्हणाला, ‘चल ना, थोडं ऐकून येऊ.’ मी म्हणालो, ‘वेडा आहेस का? ती लोकं नऊला सुरू करणार आणि दहाला गेट बंद.’ झालं, तो गप्प बसला. पुढे त्याच्या तीन केट्या लागल्या. मग टेबलावरची टकटक थांबली. आम्हाला बरंच वाटलं! मग तो मेसला यायचा कमी झाला, लेक्चरला यायचा बंद झाला. दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. जानेवारीत त्याचे वडील एकटेच येऊन गादी आणि ट्रंक घेऊन गेले. काका मला म्हणाले, ‘तुम्ही एका खोलीत राहत होता ना?’ एवढंच. त्यात राग नव्हता. पण ते वाक्य मला अजून टोचतं.

एका मैफलीने त्याचं इंजिनिअरिंग वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. इतकं सोपं नसतं ते. पण ज्या मुलाला एक गोष्ट मनापासून येत होती, त्याला ती गोष्ट आवडणारी माणसं चालत दहा मिनिटांवर होती, आणि तो दीड वर्षात त्यांना एकदाही भेटला नाही. हे मात्र खरं आहे. आणि त्याचं एक कारण गेट होतं, दुसरं कारण मी होतो.

त्यानंतर मी फळा वाचायला लागलो. मग हळूहळू कळलं, की आपण नुसत्या स्टेशनाजवळ राहत नाही, एका जित्याजागत्या गावात राहतो. आज महाराष्ट्रात गावोगावी गुढीपाडव्याला ज्या नववर्ष स्वागतयात्रा निघतात, त्यांची सुरुवात १९९९ साली आपल्या डोंबिवलीतून झाली, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने. शं. ना. नवरे यांच्यासारखा कथाकार-नाटककार २०१३ मध्ये जाईपर्यंत डोंबिवलीकर म्हणूनच ओळखला गेला. ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०१७ मध्ये इथं भरलं. दोन स्टेशनं पुढे, कल्याणला, १८६४ साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, म्हणजे त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी! आपण ज्या विद्यापीठाच्या पेपरांना घाबरतो, जवळजवळ त्याच्याच वयाचं वाचनालय लोकलने दहा-बारा मिनिटांवर आहे, आणि आपल्याला ठाऊक नाही.

थर्ड इयरला मी सावित्रीबाई फुले नाट्यगृहात एक नाटक बघितलं. बाल्कनीचं तिकीट, शेवटून दुसरी रांग. साडेआठचा प्रयोग सुटला अकराला. धावत आलो तरी व्हायचं ते झालंच. वॉचमनकाकांनी बिचाऱ्यांनी गेट उघडलं, पण रजिस्टरमध्ये नाव लिहावंच लागलं. दुसऱ्या दिवशी घरी फोन. बाबांनी विचारलं, ‘रात्री अकरापर्यंत कुठं होतास?’ म्हटलं, ‘नाटकाला.’ पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘खरं सांग.’

म्हणजे बघा, आपल्याकडे नाटक हे कारण खोटं वाटतं, इतकी सवय मोडलीय!

आता रेक्टर सरांची बाजूही मला मान्य आहे. चारशे मुलांची जबाबदारी म्हणजे खेळ नाही. एखादा रात्री लोकलमधून पडला, एखादा भलत्याच ठिकाणी सापडला, तर पहिला प्रश्न त्यांनाच येणार. नाटकाच्या नावाखाली हायवेच्या ढाब्यावर जाणारेही आपल्यातच आहेत, उगाच साळसूदपणा नको. पण नियम करताना ढाबा आणि व्याख्यान एकाच मापाने मोजले गेले, आणि नुकसान झालं ते व्याख्यानाचं. ढाब्यावर जाणारा मागच्या भिंतीवरून जातोच. अडकतो तो सरळ गेटमधून जाऊ पाहणारा.

मुलींच्या होस्टेलचं तर विचारूच नका. त्यांचं गेट साडेआठला बंद. म्हणजे नाट्यगृहात तिसरी घंटा होते, तेव्हा इथं कुलूप लागतं. त्यांच्या वाट्याला फक्त रविवारचा दुपारी चारचा प्रयोग. आमच्या वर्गात कथ्थक शिकलेली एक मुलगी आहे. गावात नृत्याचे कार्यक्रम होतात, तिने चार वर्षांत एकही पाहिलेला नाही. सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, पण सुरक्षितता म्हणजे फक्त कुलूप का?

म्हणून माझी मागणी साधी आहे. गेट रात्रभर उघडं ठेवा असं मी म्हणत नाही. गावातल्या कार्यक्रमासाठी महिन्यातून दोनदा साडेअकरापर्यंतचा पास द्या. किमान पाच जणांचा गट हवा. आदल्या दिवशी वहीत नावं, कार्यक्रम, ठिकाण आणि एकाचा मोबाईल नंबर लिहायचा. परत आल्यावर तिकीट किंवा पत्रिका दाखवायची. मुलींच्या गटाबरोबर येण्या-जाण्याला कॉलेजची गाडी द्या, नाहीतरी ती संध्याकाळी सहानंतर पार्किंगमध्येच उभी असते. ज्याने पासचा गैरवापर केला, त्याचा पास वर्षभर बंद. यात खर्च किती? एक दोनशे पानी वही आणि थोडं डिझेल.

स्टाफलाही एक विनंती. सर, मॅडम, तुमच्यापैकी कितीतरी जण इथंच राहता. तुम्ही कार्यक्रमाला निघताना आमच्यातल्या चौघांना बरोबर न्या ना! वर्गात जे विचारायची हिंमत होत नाही, ते मध्यंतरातल्या चहाला सहज विचारता येतं.

आणि आता आपल्यासाठी. पास मिळाला तरी जाणार कोण, हा खरा प्रश्न आहे. तेव्हा पुढच्या वर्षाचा हिशेब आत्ताच मांडून ठेवतो. गुढीपाडव्याला पहाटे उठून स्वागतयात्रेला जा. नुसतं बघायला नको, चित्ररथ घेऊन जा. टेकफेस्टचा रोबो वर्कशॉपच्या माळ्यावर धूळ खातोय, त्याला एकदा गाव दाखवा. मे महिन्यात सुट्ट्यांमुळे रक्तपेढ्यांत रक्त कमी पडतं. १८ वर्षं पूर्ण, ४५ किलो वजन आणि तब्येत ठणठणीत असेल, तर मुलांना तीन महिन्यांनी आणि मुलींना चार महिन्यांनी रक्त देता येतं. चारशे जणांचं होस्टेल म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे, विचार करा. २१ जूनला योगदिन असतो. एक दिवस आसनं करून पोट कमी होत नाही हे मलाही कळतं, पण त्या निमित्ताने मैदानावर पहाटे रोज येणारी मंडळी भेटतात, आणि पुढे रोज जावंसं वाटतं. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, त्या दिवशी एखाद्या वाचनालयाचं सभासदत्व घेऊन टाका. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी फडके रोडवर अख्खी तरुणाई लोटते. जे पेपरमुळे घरी जाऊ शकत नाहीत, त्यांनी ती सकाळ खोलीत काढू नका. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. फळ्यावर काहीतरी असणारच!

सगळ्यात महत्त्वाचं. खोलीतला कुणी टेबलावर बोटं वाजवत असेल, तर ओरडू नका. आणि वाजवता वाजवता थांबला, तर विचारा. बोलणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर २०२२ पासून सुरू आहे, तिथं मराठीतूनही बोलता येतं. पण त्याआधी आपण आहोतच ना एका खोलीत?

परभणीच्या त्या मित्राशी मी गेल्या महिन्यात फोनवर बोललो. तो आता तिथंच बी.एस्सी. करतोय, संध्याकाळी लहान मुलांना तबला शिकवतो. मी त्याला म्हटलं, स्वागतयात्रेला ये, माझ्या खोलीवर उतर. तो हसून म्हणाला, ‘येतो. पण गेट किती वाजता बंद होतं?’

रेक्टर सर, त्याला काय सांगू?