जातीइतकेच मालकाकडेही पाहा

संयुक्त अरब अमिरातीच्या २०१६च्या संघीय कायदा क्रमांक २२ने पिटबुलला धोकादायक प्राण्यांत गणले आणि घरी पाळण्यास मनाई केली. तिथल्या मराठी कुटुंबांनी हा कायदा काटेकोर पाळायलाच हवा. मात्र बंदीमुळे ज्या कुत्र्याशी रोजची गाठच पडत नाही, त्याच्याविषयीचे मत बातम्यांवरूनच बनते.

त्या बातम्या खोट्या नाहीत. जुलै २०२२मध्ये लखनऊत घरच्याच पिटबुलने घरातल्या वृद्ध महिलेचा जीव घेतला. या कुत्र्याची ताकद नाकारणे म्हणजे पीडितांवर अन्याय करणे होय. पण ‘सायन्स’ नियतकालिकातील २०२२च्या अभ्यासानुसार, कुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे नऊ टक्केच जातीवरून स्पष्ट होतात. संगोपन, प्रशिक्षण आणि लहानपणापासून माणसांची सवय यांना म्हणूनच महत्त्व आहे. नेदरलँड्सने तर १९९३ची पिटबुलबंदी उठवण्याचे २००८मध्ये ठरवले.

आपल्याकडे केंद्राने मार्च २०२४मध्ये परिपत्रक काढून कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदी सुचवली. संबंधितांचे म्हणणे न ऐकल्याने कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक एप्रिलमध्ये रद्द केले. आता नियम मालकाला बांधणारे हवेत: नोंदणी, लसीकरण, सार्वजनिक जागी पट्टा, गरजेनुसार मुसके आणि हल्ला झाल्यास जबर दंड. शिस्तीत फिरणारा, शेजाऱ्यांना न घाबरवणारा कुत्रा रोज दिसला की भीती आपोआप ओसरते. तो विश्वास कमावण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकाची आहे. घाबरणाऱ्या शेजाऱ्याची नाही.