शालीपुढे काय?

जानेवारी महिना बेळगावकरांच्या दारी हर्ष आणि शोक यांची जोडी घेऊनच येतो. १४ तारखेला संक्रांतीचा तिळगूळ वाटला जातो आणि त्याच दिवशी, करिअप्पा १९५३ साली लष्करी सेवेतून निवृत्त झाले त्याची आठवण म्हणून, देशभर माजी सैनिक दिन पाळण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. १५ तारखेला सेनादिन येतो. १९४९ साली याच करिअप्पांनी इंग्रज सेनापतीच्या हातून भारतीय भूसेनेची सूत्रे स्वीकारली, तो हा दिवस. मध्ये एक रात्र जाते न जाते तोच १७ तारीख उजाडते आणि सीमाभागातील मराठी माणसाची पावले हुतात्मा चौकाकडे वळतात. १६ जानेवारी १९५६ च्या रात्री मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून सांगितला, आणि त्यानंतर उसळलेल्या आंदोलनात मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारीगडी हे बेळगावचे आणि कमळाबाई मोहिते या निपाणीच्या, अशी आमची माणसे गोळ्यांना बळी पडली. चार दिवसांच्या आत ज्या गावाला देशासाठी पडलेल्यांनाही वंदन करावे लागते आणि भाषेसाठी पडलेल्यांनाही, असे बेळगावसारखे दुसरे गाव विरळाच.

हे दोन्ही समारंभ आमच्याकडे मनोभावे होतात, हे आरंभीच सांगितले पाहिजे. बिगुल वाजतो, पुष्पचक्रे वाहिली जातात, दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहतात, माजी सैनिकांना शाल-श्रीफळ मिळते, वीरमातांची ओटी भरली जाते. हुतात्मा चौकातल्या गर्दीत कोटावर पदके लावलेले चार म्हातारे नेहमी दिसतात. त्यांना कोणी निमंत्रण धाडलेले नसते. १५ तारखेला जो सत्कारमूर्ती असतो तोच १७ तारखेला साधा सीमावासीय म्हणून रांगेत उभा असतो. आमचा आजचा प्रश्न समारंभाच्या थाटाविषयी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती शाल घडी करून पेटीत ठेवल्यावर, त्या घरासाठी आमच्या समाजाने काय राखून ठेवले आहे, एवढेच आम्हांला विचारावयाचे आहे.

बेळगाव आणि मराठा पलटण यांचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे. १९२२ साली निरनिराळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये गोवल्या गेल्या, तेव्हा ११४ वी मराठा ही पलटण प्रशिक्षणाची पलटण ठरली आणि तिचे ठाणे बेळगावला पडले. मेसोपोटेमियात शरकत येथे ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, तुर्कांशी युद्धविराम होण्याच्या अगदी तोंडावर, जी तुंबळ लढली ती हीच पलटण. म्हणूनच बेळगावच्या केंद्रात आजही शरकत दिन पाळला जातो. त्याआधी डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपले, औषध संपले, शेवटी शरणागती पत्करावी लागली. आणि वेढ्यात जे वाचले त्यांतले कितीतरी पुढे तुर्कांच्या कैदेत वाळवंट तुडवताना गेले. ११७ व्या पलटणीला त्याबद्दल ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. पदवी पलटणीला मिळाली. माणसांना काय मिळाले?

याचे उत्तर बसऱ्याच्या स्मारकावर आहे आणि ते वाचून कोणाही मराठी माणसाची मान खाली जावी. मेसोपोटेमियात पडलेल्या व ज्यांना थडगेही लाभले नाही अशा ४०,००० हून अधिक लोकांसाठी हे स्मारक उभारले गेले. गोऱ्या शिपायाचे नाव त्यावर कोरले गेले, अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. पण हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि पुढे एक आकडा आला. अमुक पलटण, इतके शिपाई! कोणाचा कोण, कोणत्या गावचा, याची दाद दगडाने घेतली नाही. ही वागणूक विषमतेची होती, अशी कबुली राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून दिली आणि क्षमाही मागितली. शंभर वर्षांनी का होईना, परक्यांना लाज वाटली हे बरे झाले.

परंतु परक्यांना नावे ठेवण्याआधी आपल्या वेशीवर काय आहे ते पाहावे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणाचा दगड गावात आहे, आणि गावच्या नावाला ‘मिलिटरी’ हे बिरुद कायमचे चिकटले आहे. आमच्या अगदी शेजारी, शिरोळ तालुक्यातील टाकळीला लोक सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. कोकणात माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, आपल्या तुकडीतले बाकीचे सारे सोबती पडले असता एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर धावून जाऊन ज्यांनी ठाणे जिंकले आणि तेथेच देह ठेवला, ते हे घाडगे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या गावांनी नावे राखली. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातील खेड्यांनी पलटणीला पिढ्यानपिढ्या मुलगे दिले. त्यांपैकी किती खेड्यांत पडलेल्यांच्या नावांची पूर्ण पाटी आहे? एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या काश्मीर लढाईत कोण गेला, पासष्टीत कोण, १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला जंगी पलटणीतून कोण लढला, हे सांगणारी माणसे एकेक करून निघून जात आहेत. घरातल्या भिंतीवरचा पिवळा पडलेला फोटो आणि पेटीतले पदक एवढाच पुरावा उरतो, आणि घर वाटणीत गेले की तोही जातो. मग बसऱ्याच्या दगडात आणि आमच्यात फरक तो कोणता?

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. ती लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते, पण लिहिलीच पाहिजे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या घराघरांतून हळदीकुंकवाचे समारंभ चालतात. १५ जानेवारीला ज्या वीरपत्नीला आम्ही व्यासपीठावर बसवितो, जिच्या पायाशी पुढारी वाकतात आणि जिचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापले जाते (या पत्रातही छापले जाते), तीच भगिनी त्याच आठवड्यात शेजारच्या घरी लुगड्यांची लगबग चालली असता आपल्या दाराआड बसून असते. तिला बोलावणे नसते. नवरा देशासाठी मेला म्हणून ती वंदनीय, आणि नवरा मेला म्हणून ती अशुभ! हे दोन्ही एकाच गावात, एकाच गल्लीत, एकाच तोंडाने म्हटले जाते. शाहू, फुले, आंबेडकरांची नावे घेणाऱ्या आम्हां लोकांना या विसंगतीची जाणीव होत नाही, असे नाही. सोय म्हणून आम्ही ती पाहत नाही.

शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या चालींना बंदी केली, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. हेरवाड काही आम्हांला दूर नाही. ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आम्ही १९५६ पासून झगडत आहो, त्या महाराष्ट्रातील एका खेड्याने हे केले आहे. आम्हांला जर खरोखर त्या राज्याचे व्हायचे असेल, तर त्याच्या सरकारी मुलुखाचे होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागेल हे खरे. २००४ साली दाखल झालेला दावा अजूनही तेथे पडून आहे. पण हेरवाडचे व्हायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या हळदीकुंकवाला प्रत्येक महिला मंडळाने आपल्या गावच्या वीरपत्नीच्या कपाळी पहिले बोट लावावे. एवढे झाले तरी शंभर शालींचे काम होईल.

आता सरकारी कचेरीकडे वळू. जवान गेला की त्याच्या घरच्यांना जो कागदांचा डोंगर चढावा लागतो त्याची कल्पना ज्याने तो चढला नाही त्याला यायची नाही. निवृत्तिवेतनाचे कागद इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि आता बरेचसे काम संगणकावर. वारसाचा दाखला, जमिनीचा उतारा, तहसीलचा आदेश हे सारे कानडीत. ज्या बाईने मराठी शाळेत चौथी-सातवी केली, तिने कुठे सही करावी आणि कशावर करावी हे तिला तिसऱ्याने सांगावे लागते. आणि तो तिसरा दरवेळी सज्जनच असतो असे नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र सरकारने १९५६ साली जी संरक्षणे सांगितली, त्यांत ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्क्यांच्या वर असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असे तत्त्व आहे. संविधानाच्या ३५०-ब कलमाखाली त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेला आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी या टापूत मराठी बोलणारे किती हे मोजायला कोणाला दुर्बीण लागत नाही. तरीही मराठी कागद मागितला की कपाळाला आठ्या पडतात.

याउलट पलटणीत काय चालते ते पाहा. तेथे अधिकारी शीख येवो, बंगाली येवो की तमिळ, आपल्या जवानांची भाषा शिकणे हे त्याच्या कर्तव्यातच धरले जाते. १९७१ साली जमालपूरला जंगी पलटणीचे नेतृत्व करणारे कुलदीपसिंग ब्रार पंजाबचे होते, आणि त्यांच्या मागे धावणाऱ्या जवानांच्या तोंडी ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हीच घोषणा होती. रणांगणावर सरकारला जवानाची मराठी चालते, चालते काय, लागते. मग त्याच्या विधवेची मराठी तहसील कचेरीत का चालू नये, याचे उत्तर बंगळूरने द्यावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी प्रत्येक अर्जाचा मराठी नमुना ठेवणे, यात कोणत्याही राज्याची अस्मिता दुखावण्यासारखे काय आहे, ते आम्हांला कळत नाही.

हे लिहीत असताना आमच्याच कार्यकर्त्यांना एक शब्द ऐकविणे प्राप्त आहे, आणि तो काहींना रुचणार नाही. सैनिकांच्या सत्काराचे व्यासपीठ सीमाप्रश्नाच्या भाषणासाठी वापरू नका. मराठा पलटणींतून कानडी बोलणारे जवानही लढले आहेत, मेले आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनच्या हिमाखाली सहा दिवस गाडला जाऊन जिवंत निघालेला आणि पुढे दिल्लीत प्राण सोडलेला हणमंतप्पा कोप्पद हा धारवाड जिल्ह्यातला कानडी मुलगा. तो मद्रास रेजिमेंटचा होता. त्याच्यासाठी बेळगावच्या मराठी आयाबहिणींनी देव पाण्यात घातले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवसांत कोणी कोणाची मातृभाषा विचारली नाही. आमचा झगडा राज्यकर्त्यांशी आहे, मृतांशी नाही. १७ जानेवारी आणि १ नोव्हेंबर हे दिवस आमचे आहेत. त्या दिवशी जे बोलायचे ते गळा मोकळा करून बोलावे, हिंडलग्याच्या हुतात्म्यांना १ जूनला वंदन करताना बोलावे. १५ तारखेला मात्र फक्त नावे वाचावीत. आणि ती नीट वाचावीत! गेल्या काही समारंभांत सूत्रसंचालकाने जवानाच्या गावाचे नावच चुकीचे उच्चारले आणि पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईने ते बसल्या जागेवरून दुरुस्त केले, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुढारी तासभर उशिरा येणार आणि तोवर वीरमातांनी उन्हात बसावे, हाही प्रकार आता थांबवावा. ज्यांनी मुलगा दिला त्यांच्याकडून आणखी एक तास मागण्याचा अधिकार कोणाला नाही.

प्रत्येक गावच्या पंच मंडळींनी, माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि शाळेतील शिक्षकांनी बसून आपापल्या गावची यादी करावी, अशी आमची सूचना आहे. १९१४ पासून आजपर्यंत गावातून कोण गेला, कोणत्या पलटणीत, कोठे पडला, त्याच्या आईचे नाव काय, घर कोणाच्या ताब्यात आहे, पदक आहे की विकले गेले, हे सारे लिहून घ्यावे. ऐंशीच्या पुढची माणसे आज हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे. यादी पूर्ण झाली नाही तरी चालेल. जेवढी नावे मिळतील तेवढी या कचेरीकडे पाठवावीत. ती देवनागरीत, गावावार, या पत्रात छापली जातील, आणि चुका आढळल्यास दुसऱ्या दिवशी दुरुस्तीही छापली जाईल.